कोठार, खत आणि मजुरी : प्रभु येशूच्या तीन दाखल्यांचा अभ्यास

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत जमाखर्चाच्या आंकड्यांशेजारीं धर्मविचारास जागा कां द्यावी, असा प्रश्न व्यापारी व जमीनदार वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, प्रभु येशूनें सांगितलेले पुष्कळसे दाखले धान्याचें कोठार, कर्जाचा हिशेब, मळ्यावरची मजुरी, कारभाऱ्याची झडती अशा व्यवहारांवरच रचलेले आहेत. ते चोपडीशेजारीं ठेवून वाचावे अशाच योग्यतेचे आहेत. त्यांपैकीं तिहींचा विचार येथें करूं, आणि तो करितांना आंबेगांव तालुक्यांतील आहुपे हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं.

आहुपे सह्याद्रीच्या माथ्यावर वसलें आहे. वस्ती मुख्यत्वें महादेव कोळ्यांची. पिकें भात, नाचणी व वरई. जोडधंदा रानांतील हिरडा वेंचून विकण्याचा. पाऊस येथें उदंड पडतो; परंतु तो उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यांत माथ्यावरच्या वस्त्यांस पाण्याची ओढ लागते. भुकेचा काळ मात्र निराळा आहे. मागील हंगामाचें धान्य आषाढश्रावणांत सरतें, आणि लावणीचें कष्ट तर त्याच वेळीं सर्वांत अधिक असतात.

आतां पहिला दाखला. लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायांत एका धनवंताची गोष्ट आहे. पीक फार आलें, तेव्हां जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधावीं असा बेत त्यानें केला. परंतु त्याच रात्रीं त्याचें आयुष्य संपलें. या मनुष्यानें चोरी केली नव्हती, कोणास लुबाडलें नव्हतें. धान्य त्याच्या स्वतःच्या जमिनींत पिकलें होतें. मग त्यास मूर्ख कां म्हटलें? तो सर्व बेत स्वतःशींच बोलून ठरवितो. त्याच्या भाषणांत शेजारी म्हणून कोणी येतच नाहीं, हें त्याचें कारण. साठविणें हाच दोष असता, तर मिसर देशांत सात वर्षें धान्य साठविणारा योसेफ दोषी ठरला असता. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? कोठाराची परीक्षा त्याचें दार केव्हां व कोणासाठीं उघडतें यावर होते. आषाढांत उपयोगीं पडणारें पोतें मार्गशीर्षांत पोंचलें, तर दान होतें पण भूक निवारली जात नाहीं.

दुसरा दाखला मत्तयाच्या 18 व्या अध्यायांतील. राजानें एका चाकरास दहा हजार तालांतांचें ऋण सोडलें. आणि तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठीं आपल्या सोबत्याचा गळा धरितो व त्यास तुरुंगांत घालतो. दीनार ही एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारें सहा हजार दीनार. म्हणजे सुटलेलें ऋण मागितलेल्या ऋणाच्या सहा लक्ष पट होतें! 12 मे 1875 रोजीं आपल्याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर उठाव केला, आणि तो पसरला त्या गांवोगांवीं खतपत्रें जाळण्याकडेच लोकांचा रोख होता. त्यावर चौकशी होऊन 1879 चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. कर्जासाठीं शेतकऱ्यास कैद करणें त्यानें बंद केलें, आणि खतावरच्या आंकड्यामागें जाऊन मूळ देणेंघेणें तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस यांत मोठा बोध दिसतो : खत खरें असूनही व्यवहार अन्यायाचा असूं शकतो. आदिवासींसाठीं सरकारी महामंडळानें 1978 पासून खावटी कर्ज सुरू केलें, तें याच पावसाळी अडचणीकरितां. जो ख्रिस्ती मनुष्य रोजच्या प्रार्थनेंत स्वतःच्या ऋणाची माफी मागतो, त्यानें दुसऱ्याच्या खावटीवर सवाईदिढी घेतां कामा नये, हें सांगण्यास भाष्यकार नको.

तिसरा दाखला मत्तयाच्या 20 व्या अध्यायांत आहे. द्राक्षमळ्याचा धनी दिवसांतून पांच वेळां मजूर शोधावयास बाहेर जातो, आणि अखेरच्या घटकेस आलेल्यासही पुऱ्या दिवसाचें वेतन देतो. सकाळपासून राबलेले तक्रार करितात. कायद्याच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास त्यांचा दावा टिकत नाहीं. कारण त्यांच्याशीं ठरलेला करार धन्यानें तंतोतंत पाळला, आणि अधिक जें दिलें तें स्वतःच्या पदरचें. उशिरां आलेले लोक आळशी नव्हते. त्यांस कोणी कामावर लाविलें नव्हतें. त्यांच्या घरची भूक मात्र दिवसभराचीच होती. 1877 सालीं दुष्काळी कामांवरील मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दररोज सुमारें एक पौंड धान्याच्या मानावर आणिली गेली. तेव्हां मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं हजारोंनीं कामें सोडलीं, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडिली. पुढें 1972 च्या अवर्षणाचा अनुभव घेऊन महाराष्ट्रानें 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा केला, आणि काम मागणें हा हक्क ठरला. शंभर वर्षांत दयेचें हक्कांत रूपांतर झालें, हें आम्हांस दाखल्याच्या मार्गावरचेंच पाऊल वाटतें.

हे तीन दाखले जीवनांत कसे उतरतात याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. 1896-97 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत जाऊन सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आणिल्या, आणि केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें अन्नाबरोबर शिक्षण, शेती, विणकाम व छपाईचें कामही मिळालें; रमाबाईंनीं केलेलें बायबलचें मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यांत स्त्रियांच्या हातून छापलें गेलें. जी भुकेली आली ती हुन्नर घेऊन उभी राहिली.

एक सावधगिरीची सूचना स्वधर्मीयांस करणें अवश्य आहे. शोमरोनी प्रवाशानें वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्यास त्याचा पंथ विचारला नाहीं. मलमपट्टी केली, धर्मशाळेचा खर्च भरला, आणि तो आपल्या वाटेनें गेला. अन्नाच्या बदल्यांत श्रद्धेची अपेक्षा धरणें म्हणजे या दाखल्याविरुद्ध वागणें होय.

घोड नदी आहुप्याच्या परिसरांत उगम पावते, डिंभे येथें अडते, आणि तिच्या पाण्यावर खालचे मळे हिरवे होतात. पुढें ती शिरूरच्या बाजारपेठेजवळून वाहते. तेव्हां खालच्या जमीनदारानें व पेढीवाल्यानें वरच्या गांवास परकें मानूं नये. हिरड्याचें वजन चोख करावें व भाव रास्त द्यावा. खावटी वाढीव मापानें परत घेऊं नये. माथ्यावर पाणी अडविण्याचीं व बांधबंदिस्तीचीं कामें काढून पुरी मजुरी द्यावी. आणि जें धान्य द्यावयाचें तें मृगापूर्वीं, गांवकऱ्यांच्याच हातीं, त्यांच्या विचारानें द्यावें. दाता कोणत्याही धर्माचा असो, कोठाराची किल्ली त्याच्या कमरेस आहे; आणि आषाढ दरवर्षीं येतो.