व्यसनमुक्ती केंद्रातून सुटी झाल्यावर राहायचं कुठे, खर्च किती?

व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम साधारण महिनाभराचा असतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये तो ३५ दिवसांचा आहे. बऱ्याच घरांत सगळी पुंजी या महिन्यावरच खर्च होते आणि सुटी मिळेल त्या दिवशी खिसा रिकामा असतो. माणूस मग त्याच गल्लीत, त्याच दोस्तांच्या बैठकीत परततो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की दाखल करतानाच पुढच्या सहा महिन्यांच्या राहण्याचे पैसे वेगळे काढा. त्यासाठी पहिल्या महिन्याचं केंद्र थोडं साधं निवडावं लागलं तरी चालेल.

वेगळी जागा प्रत्येकाला लागते असं नाही. घरात दुसरं कुणी पीत नसेल आणि घरच्यांनीही केंद्रातल्या कुटुंबीयांच्या सभांना हजेरी लावली असेल, तर घरीच राहावं. भाऊ रोज पितो, घराखालीच बार आहे किंवा घरात पाऊल ठेवताच जुनी भांडणं उकरली जातात, अशा वेळी मात्र काही महिने बाहेर काढलेले बरे. हे समुपदेशकाशी बोलून, सुटीच्या आधी ठरवा.

पहिला पर्याय म्हणजे केंद्राला जोडलेलं हाफवे होम. माणूस तिथून कामावर जातो आणि संध्याकाळी परत येतो. अशा जागा महाराष्ट्रात फार कमी आहेत, आणि बायकांसाठी तर त्याहून कमी. महिन्याची रक्कम एका आकड्यात सांगितली जाते, पण तिच्यात काय काय धरलंय ते लेखी घ्या. जेवण दोन वेळचं की नाश्त्यासकट? समुपदेशन त्यातच की वेगळं? लघवीच्या तपासणीच्या किटचे पैसे कोण देणार? आणि अनामत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न घरचे विचारतच नाहीत, कारण तो तोंडातून काढणंच अशुभ वाटतं: स्लिप झाली, म्हणजे पुन्हा एकदा घेतली, तर? त्याला त्याच रात्री बाहेर काढणार, पुन्हा केंद्रात पाठवणार, की ठेवून घेणार? उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का? स्लिप होऊ शकते, हे या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. या प्रश्नाचं उत्तर तयार नसलेल्या जागेत सहा महिन्यांचे पैसे एकरकमी भरू नका. महिन्याचे महिन्याला द्या आणि दर वेळी पावती घ्या.

व्यसनाचे आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली येतात. त्यामुळे उपचार-पुनर्वसनासाठी माणसं ठेवणाऱ्या संस्थेकडे या कायद्याखालची नोंदणी हवी. ती दाखवायला सांगा. तिथे राहणाऱ्याकडून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही, आणि त्याने काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. आपलं ताट धुणं, पाळीने झाडलोट करणं हे एकत्र राहण्यात आलंच. मालकाच्या बांधकामावर फुकट राबवणं वेगळं. स्वतःहून दाखल झालेल्या माणसाने घरी जायचं म्हटलं, तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं.

दुसरा पर्याय बहुतेकांच्या आवाक्यातला: कॉट बेसिसवर जागा, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एक कॉट. पुण्यासारख्या शहरात माझा ढोबळ हिशेब असा, की कॉटचं भाडं ५ ते ८ हजार, दोन वेळचा डबा ३ ते ४ हजार, प्रवास आणि फोन दीड हजार, औषधं-तपासण्या दीड ते दोन हजार. म्हणजे महिन्याला ११ ते साडेपंधरा हजार, सहा महिन्यांचे ६६ ते ९३ हजार, शिवाय अनामत. तालुक्याच्या गावी भाडं कमी पडेल, पण फॉलोअपसाठी शहरात यावं लागलं तर वाचलेले पैसे एसटीत जातील.

जागा सकाळी बघू नका. संध्याकाळी साडेसात-आठला जा, जमल्यास शनिवारी. बसस्टॉपपासून खोलीपर्यंत चालत या आणि वाटेत वाइन शॉप किती लागतात ते बघा. खोलीत शिरल्यावर कॉटखाली रिकाम्या बाटल्या दिसतात का, तेही बघा. खोलीतले सोबती न पिणारे असतील, तर दोन बसस्टॉप पुढची, हजार रुपये महाग खोलीही शेवटी स्वस्त ठरते. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर उत्तमच. सभेला फी नसते; ऐच्छिक वर्गणी फिरते, तीही द्यायलाच हवी असं नाही.

तिसरी वाट अमेरिकेत रुळली आहे. १९७५ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथलं हाफवे होम बंद व्हायला आलं, तेव्हा रहिवाशांनी भाडं वाटून घेऊन ते घर स्वतःच चालवलं. तेच पहिलं ऑक्सफर्ड हाऊस. तिथे पगारी कर्मचारी नसतात, निर्णय मतदानाने होतात आणि जो पुन्हा प्यायला लागेल त्याला घर सोडावं लागतं. एकाच बॅचमधले, निदान वर्षभर सोबर असलेले तिघे-चौघे आपल्याकडेही फ्लॅट घेऊन हे करू शकतात. भाडेकरारावर सगळ्यांची नावं असू द्या, म्हणजे एक जण गेला तरी बाकीच्यांचं छप्पर टिकेल.

विम्यावर विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांवरचे उपचार असतात, आणि राहण्याचा खर्च तर कुणी धरतच नाही. पैशांची सोय नसेल तर आधी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनवर फोन करून जवळचं सरकारी अनुदानावर चालणारं केंद्र विचारा. मनाची घालमेल रात्री-अपरात्री वाढली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. हे दोन्ही क्रमांक राहणाऱ्याच्या आणि घरच्यांच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.

पहिला पगार झाला की भाड्यातला थोडा वाटा, अगदी पाचशे रुपये का होईना, त्याला स्वतःच्या हाताने भरू द्या. पगाराच्या संध्याकाळी तलफ जोर करते, म्हणून त्या दिवशी घरचं कुणीतरी सोबत असावं आणि भाडं, डबा, औषधं यांचे पैसे खोलीवर पोचण्याआधीच भरून टाकावेत.