स्पर्श आणि फाऊल : पंचाच्या विवेकाचा एक पाठ

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डीचे दर्शन जगाला घडविले. कबड्डीत स्पर्श हाच खेळाचा प्राण. त्या संस्कारात वाढलेले अमरावती-अकोल्याकडील मूल बास्केटबॉलच्या मैदानावर उतरते, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो : येथे अंगाला अंग लागले की फाऊल होतो काय?

तसे नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ रचला. त्यांच्या १३ मूळ नियमांपैकी पाचव्याने खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाडणे व मारणे निषिद्ध ठरविले. परंतु २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानात १० खेळाडू धावत असता स्पर्श अटळ आहे. म्हणून पंचाने पाहावयाचे ते हे : या स्पर्शाने कोणाचे काही हिरावले गेले काय?

ड्रिबल करणाऱ्याच्या दंडाला हात ओझरता लागला, पण त्याची गती व तोल कायम राहिला, तर खेळ चालू द्यावा. तोच हात कमरेवर टेकून राहिला व वेग मंदावला, तर फाऊल. बचाव करणारा आपल्या जागी हात उंचावून सरळ वर उडाला आणि शॉट घेणारा त्याच्यावर आदळला, तर दोष बचाव करणाऱ्याचा नव्हे. उलट, शॉट घेऊन खाली येणाऱ्याच्या पायाखाली शिरणे, स्पर्श अल्प असला तरी, क्षम्य नाही. घोटा दुखावतो तो अशाच वेळी.

आम्हीही चुकलो आहोत. वसतिगृहातील मुलांचे सामने खेळविताना आरंभी आम्ही प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवीत असू. खेळ रखडे, आणि पाच फाऊल भरून चांगले खेळाडू बाहेर बसत. मग आम्ही शिट्टी आवरली, तर धिप्पाड मुले रेटू लागली आणि लहानखुरी मुले चेंडू मागेनाशी झाली. तेव्हा उमगले की न वाजलेली शिट्टी हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचा भार बहुधा दुबळ्यावर पडतो.

म्हणून पंच होऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांस आमचे सांगणे : पहिल्या मिनिटाला जे माप, तेच अखेरच्या मिनिटाला, यजमानांस जे, तेच पाहुण्यांस. आणि पालकांस विनंती : मैदानाच्या कडेवरून ‘फाऊल!’ म्हणून ओरडण्यापूर्वी क्षणभर पाहावे, आपले मूल पडले की पाडले गेले?