बिव्हेरिया आणि नागपूरचं ऊन

कपाशीवर फवारतात ती बिव्हेरिया पावडर म्हणजे बुरशीचे जिवंत बीजाणू. बीजाणू अळीच्या अंगावर रुजतो, कातडीतून आत शिरतो आणि अळी मरते. रेशीमकिड्यांचा असा रोग बुरशीमुळेच होतो, हे इटलीच्या बासी यांनी १८३५ मध्ये दाखवलं. बुरशीच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दही त्यांच्यावरूनच आला.

या बुरशीला साधारण २५ ते ३० अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो! तेव्हा टिनाच्या खोलीत पडलेलं पाकीट पावसाळ्यात काय कामाचं? शिवाय उन्हातली अतिनील किरणं पानावरचे उघडे बीजाणू काही तासांतच निकामी करतात. भर दुपारी फवारायचं आणि मग "औषध बोगस आहे" म्हणायचं! पाकीट थंड सावलीत ठेवा. फवारणी सायंकाळी, हवेत ओल असताना आणि पानांच्या खालूनही करा. तिथे ऊन कमी पोचतं.