कवडीला आठवण नसते



पावसाळा सरतो, आभाळ निवळते आणि कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटू लागते. चंद्र माथ्यावर येईपर्यंत जागायचे कसे? याचे उत्तर आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेले आहे. खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, चार कवड्या घ्यायच्या आणि चौकाबारा मांडायचा. आभाळ भरून आले तर हाच पट माजघरात मांडता येतो. आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांना एकत्र खेळता येणारे जे थोडे खेळ आहेत, त्यांपैकी हा एक.

खेळाचे नियम घरोघरी थोडे बदलतात. आपण पुढील नियम धरू. चारही कवड्या खुळखुळवून टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील, म्हणजे ज्यांची खाचेची बाजू वर येईल, तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची. चारही उताण्या पडल्या तर चार घरे आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ घरे. चार किंवा आठ पडले की पुन्हा एकदा टाकायला मिळते. त्यामुळे सर्वांचा डोळा या दोन मोठ्या दानांवर असतो.

खेळ रंगला की कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सहा वेळा टाकले, मोठे दान आले नाही. आता येणारच!’ हे म्हणणे खरे आहे का? वाद घालण्यापेक्षा आपण ते तपासूनच पाहू.

प्रयोग पहिला : दानांची मोजणी

सहा जण गोलाकार बसा. प्रत्येकाने चार कवड्या ५० वेळा टाकायच्या. लहानांनी टाकावे, मोठ्यांनी वहीत लिहावे आणि आजी-आजोबांनी पंच व्हावे. प्रत्येकाची दाने ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने लिहा. हा क्रम पुढे लागणार आहे. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळिंब्या घ्या. पांढरी बाजू वर आली तर उताणी, तपकिरी बाजू वर आली तर पालथी. एकूण ३०० दाने जमली की कोणते दान किती वेळा पडले ते मोजा.

आता थोडे गणित करू. उताणे आणि पालथे पडण्याची शक्यता अगदी सारखी आहे असे क्षणभर माना. पहिली कवडी दोन प्रकारे पडेल, दुसरीही दोन प्रकारे. अशा चार कवड्यांचे २ × २ × २ × २ = १६ प्रकार होतात. त्यांत एकही उताणी नसण्याचा १ प्रकार, एक उताणी असण्याचे ४, दोन असण्याचे ६, तीन असण्याचे ४ आणि चारही उताण्या असण्याचा १ प्रकार. १, ४, ६, ४, १ ही ओळ पाठ्यपुस्तकात पास्कलच्या त्रिकोणात भेटते. पण पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकातच अशा ओळींचा ‘मेरुप्रस्तार’ समजावून दिला होता. चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरू किती प्रकारे मांडता येतील, हा त्याचा प्रश्न. लघु म्हणजे पालथी आणि गुरू म्हणजे उताणी असे समजा, की तो आपलाच प्रश्न होतो.

या हिशेबाने मोठे दान १६ पैकी २ वेळा, म्हणजे सरासरीने आठांत एकदा पडावे. तुमच्या वहीतले आकडे याच्याशी जुळतात का? जुळले नाहीत तर गोंधळू नका. कवडीची एक बाजू फुगीर आणि दुसरी सपाट असते, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच वेळा वर येतील असे गृहीत धरता येत नाही. समजा, तुमची कवडी १०० पैकी ६० वेळा उताणी पडते. मग चारही उताण्या पडण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे १०० त सुमारे १३ होते आणि चारही पालथ्या पडण्याची १०० त तीनाहूनही कमी. तुमच्या कवड्यांचा खरा आकडा तुमच्या वहीतूनच काढा.

प्रयोग दुसरा : ‘आता येणारच’ची परीक्षा

आता प्रत्येकाची यादी क्रमाने वाचा. ओळीने सहा वेळा मोठे दान आले नाही अशा जागा शोधा आणि लगेच पुढचे, सातवे दान कोणते आहे ते पाहा. अशा सातव्या दानांपैकी किती मोठी होती? हे प्रमाण सर्व ३०० दानांतील मोठ्या दानांच्या प्रमाणाशी ताडून पाहा. थोडाफार फरक पडेल. पण यादी जसजशी लांबवाल तसतशी दोन्ही प्रमाणे एकमेकांजवळ येतील. मागे काय पडले हे कवडीला ठाऊक नसते. तिला आठवण नसते.

‘मग सरासरी जुळते कशी?’ असे तुम्ही विचाराल. एक नाणे घ्या. पहिल्या १० फेकींत ८ छापे पडले. पुढच्या ९९० फेकींत साधारण निम्मे, म्हणजे ४९५ छापे पडले असे समजा. एकूण छापे ५०३, म्हणजे १००० त ५०.३ टक्के! सुरुवातीच्या जादा छाप्यांची फेड कोणी केली नाही. मोठ्या संख्येत ते विरून गेले, इतकेच. हा मोठ्या संख्यांचा नियम याकोब बेर्नुलीने सिद्ध केला. त्याचा ग्रंथ १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

मात्र सगळेच खेळ असे विसरभोळे नसतात. तांबोल्यात ९० आकडे असतात आणि निघालेला आकडा पुन्हा पिशवीत टाकत नाहीत. पहिल्या वेळी तुमचा एखादा आकडा निघण्याची शक्यता ९० त एक असते. ८० आकडे निघून गेले आणि तो अजून पिशवीत असला, तर ती १० त एक होते. येथे ‘आता येईल’ म्हणण्यात अर्थ आहे, कारण पिशवी बदललेली आहे. तेव्हा प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा : मागच्या घटनेने पुढच्या घटनेची परिस्थिती बदलली का?

हा प्रश्न पटापुरता राहत नाही. ‘इतक्या वेळा लॉटरी लागली नाही, आता लागेलच’ म्हणून माणसे पगार घालवतात. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात आणि चौथी मुलगी झाली की आईला बोल लावतात. पहिल्या तीन अपत्यांमुळे चौथ्या वेळची शक्यता बदलत नाही. ती जवळजवळ निम्मीच राहते. वहीतल्या ३०० नोंदी दाखवून हे समजावता आले, तर कोजागरीचे जागरण सार्थकी लागले म्हणायचे.

विचार करा

दोन सारखे तरबेज खेळाडू. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला ६४ शेंगदाणे. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि तेवढ्यात दूध तयार झाल्याची हाक आली! खेळ मोडला. शेंगदाणे कसे वाटाल? अशाच प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्यांतून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. पुढचा डाव झाला असता तर काय काय घडले असते, तेथून सुरुवात करा. झालेल्या डावांपेक्षा राहिलेल्या डावांकडे पाहा, म्हणजे उत्तर सापडेल.