भोपळ्याचा दिवा

शब्बाथशाळेच्या शिक्षकांकरिता पाठ
वाचन : शास्ते ७:१५-२२; योहान ६:५-१३



शरद ऋतूत आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची कापणी उरकते, आणि परसातील वेलांवर लाल भोपळे, ज्यांस कोठे डांगर तर कोठे काशीफळ म्हणतात, पक्व होतात. आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुले सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथील लोक अमेरिकेत जाऊन राहिले, तेव्हा त्यांस भोपळा कोरावयास अधिक सोपा वाटला. त्यावर भुताचे तोंड कोरण्याची रीत आहे. मोबाईलवर ती चित्रे पाहून आपली मुलेही तसे करू लागली आहेत.

गतवर्षी कयाधू नदीकाठच्या एका वस्तीत मुलांनी असा दिवा कुंपणावर ठेविला. शेजाऱ्यांनी ती भानामती समजून एका निर्दोष विधवेकडे बोट दाखविले. सकाळी आम्ही मुलांसह घरोघर जाऊन भोपळा दाखविला व क्षमा मागितली, तेव्हा गाव शांत झाले. आमच्या मंडळीतील काहीजणही त्या रात्री दारे लावून बसले होते, हे आम्ही लज्जेने लिहितो. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. तथापि कायद्याने मनातील भय निघत नाही.

सबब मुलांस नुसती मनाई न करिता हा पाठ द्यावा. भोपळा दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष कोरावा व शेजारची मुलेही बोलवावी. सुरी मोठ्यांनीच धरावी. देठाभोवती झाकण तिरपे कापावे, म्हणजे ते आत पडत नाही. बिया व धागे काढून आतील गर खरवडावा. भुताच्या तोंडाऐवजी तारा कोरावा. झाकणास भोक ठेवावे, कारण हवेवाचून पणती विझते.

मग मुलांस विचारावे : भोपळा भरलेलाच असता, तर दिवा कोठे ठेविला असता? गिदोनाच्या ३०० माणसांनी दिवट्या रिकाम्या घड्यांतच नेल्या होत्या. भयाने भरलेल्या अंतःकरणात प्रभूच्या प्रकाशास जागा कशी मिळावी?

आता काढलेल्या भागाकडे पाहा. प्रभूने पाच हजारांस जेवू घातल्यावर उरलेले तुकडेही वाया जाऊ दिले नाहीत. त्यांच्या १२ टोपल्या भरल्या. गराची भाजी किंवा घारगे करावे. मात्र गर कडू लागल्यास तो भोपळा खाऊ नये. बियांतील टपोऱ्या पेरणीस राखाव्या. बाकीच्या धुऊन, उन्हात वाळवून, मिठाचे पाणी शिंपडून तव्यावर मंद आंचेवर तडतडेपर्यंत भाजाव्या. त्यांत तेल व प्रथिने पुष्कळ असतात. दुकानातील पेरणीच्या रंगीत बिया कदापि भाजू नयेत. त्यांस विषारी औषध लाविलेले असते.

मुलांकरिता प्रश्न :
१. गिदोनाचे घडे रिकामे का होते?
२. आपल्या मनातून काय काढावयाचे आहे?
३. उरलेले तुकडे प्रभूने का गोळा करविले?

शेवटी एक काम अवश्य करावे. भाजलेल्या बियांची पहिली ओंजळ, ज्या घराविषयी गावात कुजबुज चालते, त्या घरी मुलांनी स्वतः नेऊन द्यावी, आणि तेथे थोडा वेळ बसून यावे.