लाल पट्ट्यांचा रिपोर्ट

आमच्या मुलाचं स्वमग्नतेचं निदान झालं, तेव्हा डॉक्टर त्याच्यासोबत जमिनीवर बसून खेळल्या, आम्हाला खोदून खोदून प्रश्न विचारले. रक्ताचा थेंबही काढला नाही. घरातल्या मोठ्यांना हे पटेना. एवढं मोठं निदान आणि कागदावर एक आकडा नाही?

नेमक्या याच शंकेवर काहीजण दुकान थाटतात. ओळखीतून एक केंद्र कळलं. तिथून मुलाच्या लघवीचा रंगीत रिपोर्ट आला: शिसं, पारा, ॲल्युमिनियम, सगळ्यांपुढे लाल पट्टे. उपाय म्हणून शरीरातले धातू काढणारी इंजेक्शनं, पिशवीभर सप्लिमेंट्स, शिवाय दूध आणि गहू बंद.

तो रिपोर्ट आम्ही बालरोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "लघवी घेण्याआधी काही औषध दिलं होतं का?" दिलं होतं, धातू ओढून काढणारंच. ते घेतल्यावर धडधाकट माणसाच्याही लघवीत धातू जास्त उतरतात, आणि तुलना मात्र औषध न घेतलेल्यांशी केलेली असते. पट्टा लाल येणारच! अशा चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या विषशास्त्रतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलेलं आहे. आणि इंजेक्शनं निरुपद्रवी नसतात. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात याच उपचारात पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरून दगावला.

आमचा मुलगा भिंतीचे पोपडे नखाने खरवडून खायचा आणि दिवसभर बाटलीतल्या दुधावर राहायचा. डॉक्टरांनी ते ऐकून हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. शिसं ठीक होतं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला. दुधात लोह नगण्य, आणि दुधाने पोट भरलं की मूल दुसरं काही खात नाही. लोहाचं औषध सुरू केलं, दूध बेताचं केलं. पोपडे सुटले, रात्रीची तळमळ कमी झाली. स्वमग्नता तशीच आहे. लोहाने ती जाईल असं डॉक्टरांनी कधी म्हटलंच नव्हतं. पण झोप झालेलं मूल स्पीच थेरपीत टिकून बसतं, आणि आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून कळकळीने सांगते, केस, लघवी किंवा रक्तावरून स्वमग्नतेचं निदान आजही होत नाही. रक्त तपासायचं ते सोबत दुसरं काही दडलंय का, हे बघायला. जनुकीय तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर जरूर करा. पुढच्या बाळाचा विचार करताना तिचा उपयोग होतो. गहू बंद करायचाच असेल तर आधी सिलियाकची (गहू न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या, कारण गहू सोडल्यावर ती फसवी निघू शकते. दूध सोडवणार असाल तर कॅल्शियम कशातून देणार, हे आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. अ आणि ड जीवनसत्त्वं अंगात साठत जातात, लोहाचाही अतिरेक घातक. यातलं काहीच मनाने देऊ नका.

आणि ताटात बदल करताना मुलाला चव नको असते की पोत, हे नीट बघा. आमच्या मुलाला मऊ, ओलं काही चालत नाही, कुरकुरीत चालतं. त्यामुळे भाजी भरवायचा हट्ट सोडून थालीपीठ खरपूस केलं. आधी नुसत्या कडा खाल्ल्या. त्या रुळल्यावर पिठात थोडी नाचणी आली, मग बारीक चिरलेली मेथी.