आमचा संगणक का ओरडत होता?

मागच्या सोमवारी शाळेतला संगणक सुरू केला, तर पडदा काळाच. आतून नुसतं पीं, पीं. शनिवारी शेवटी त्यावर मीच बसले होते. म्हणून सगळे म्हणाले, "हिनंच बिघडवला." मला रडूच आलं. गावातल्या विहिरींची आपली यादी पण त्यातच होती.

बाई म्हणाल्या, "यादी हार्ड डिस्कवर आहे. हार्ड डिस्क म्हणजे वही, आणि रॅम म्हणजे पाटी. काम चालू असेल तोवर संगणक पाटीवर लिहितो, वीज गेली की पाटी कोरी." पाटी सापडली नाही, की काही संगणक असे ओरडतात.

दुपारी माझा आतेभाऊ आला. तो आयटीआयला शिकतो. त्याने आधी प्लग काढला. मग चालू करायचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज जाते. नंतर डब्याच्या पत्र्याला हात लावला. कंगव्याने केस उभे राहतात ना, तसली वीज आपल्या अंगातही साठते. तिने चिप मरू शकते. झाकण काढलं तर आत केवढी धूळ! कोळ्याचं जाळंसुद्धा.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, 2-2 जीबीच्या. त्यांचे सोनेरी दात मळले होते. दादा म्हणाला, "तुझं खोडरबर आण." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने खरंच खोडरबराने दात हलके घासले आणि कण ब्रशने झाडले. मी फुंकर मारायला गेले तर ओरडला. थुंकी उडते ना!

मग एका वेळी एकच पट्टी बसवली. पट्टीला मध्याच्या जरा बाजूला खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. नीट बसली की कट् असा आवाज येतो. पहिली पट्टी दोन्ही खोबणींत चालली. दुसरी दोन्हींत ओरडली. म्हणजे खोबणी चांगल्या, ती एक पट्टीच बाद! "टाइप केल्याने रॅम बिघडत नसते," असं दादाने सगळ्यांसमोर सांगितलं.

कधी कधी पट्टी थोडीच खराब असते. तेव्हा संगणक चालू होतो, पण मध्येच बंद पडतो. ते शोधायला विंडोजमध्ये मेमरी तपासायची सोय असते. आम्ही चांगली पट्टी त्यात तपासली. एकही चूक निघाली नाही.

यादी जशीच्या तशी आहे. आता 2 जीबीवर संगणक हळू चालतो, पण चालतो. बाद पट्टी विज्ञान कोपऱ्यात काड्यापेटीवर ठेवली आहे. एका बाजूला 120 दात आहेत. आईबाबांनीही मोजून बघावेत.